आमच्या घराची चार मतं

माझ्या शिक्षणाचं श्रेय कुणाला, असं कुणी विचारलं तर मी थोरल्या आईचं नाव घेतो. थोरली आई म्हणजे माझी चुलती. मी चौथीत असताना माझी आई वारली. वडील मंचरच्या बाजारात कांद्याच्या गोण्या उचलायचे, आठवड्यातून दोनदा घरी यायचे. मला न्हाऊ घालणं, शाळेत पिटाळणं, परीक्षेच्या दिवशी हातावर दही ठेवणं, हे सगळं तिनं केलं. पण मी तिचं नाव घेतो ते एवढ्यासाठी नाही. तिनं माझ्यासाठी जे केलं ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तिलासुद्धा तोंडानं नाही.

आमची वाडी शिनोलीच्या रस्त्यावरून आत आहे. तीसेक घरं शेतकऱ्यांची, आणि ओढ्यापलीकडे तीन घरं मेंढरं राखणाऱ्यांची. ग्रामपंचायतीत आमच्या वाडीचा वेगळा वॉर्ड, वेगळी मतपेटी. पण ती पेटी फारशी उघडली जात नसे, कारण आमच्याकडे निवडणूक बिनविरोध व्हायची. मी लहान असताना एकदा लढत झाली होती आणि त्यात दोन सख्ख्या भावांनी एकमेकांची डोकी फोडली होती. त्यानंतर वाडीनं ठरवलं, पुन्हा हे नको. खंडोबाच्या देवळात बसायचं, बोलायचं, एक नाव ठरवायचं. आणि मग घरटी एका कर्त्या पुरुषानं देवाचा भंडारा उचलून शब्द द्यायचा. हळदीची ती मूठ उचलली की त्या घरातली सगळी मतं बांधली गेली. मोडलं तर देव बघून घेईल.

ही पद्धत वाईटच होती असं मी म्हणणार नाही. देवळात वाद व्हायचे, म्हातारी माणसं तरुणांना बोलू द्यायची, आणि ठरलं की सगळे मिळून जेवायचे. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात एक माणूस, एक मत असं होतं. आमच्याकडे एक घर, एक मूठ होती. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात ठेवून मी दहावी झालो, बारावी झालो, आणि कधी काही अडलं नाही.

अडलं ते साक्षरता वर्गामुळे. मी मंचरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला असताना वाडीत बायकांसाठी दुपारचा वर्ग निघाला आणि शिकवायला मला नेमलं. कॉलेज सकाळचं असे. समाजमंदिराच्या ओट्यावर दहा-बारा बायका पाट्या घेऊन बसायच्या. थोरली आई पहिल्या रांगेत. ती मला वर्गात ‘मास्तर’ म्हणायची आणि घरी गेल्यावर “मास्तर, शेणाची पाटी उचला,” असंही म्हणायची. ओढ्यापलीकडच्या मेंढरंवाल्या बाबांची सून रोज उशिरा यायची. ओले केस, ओला पदर.

एकदा मी मास्तरकी गाजवत विचारलं, “वहिनी, वर्ग तीनला सुरू होतो. तुम्ही येता साडेतीनला.”

ती म्हणाली, “भाऊ, नळ ओढ्याच्या अलीकडं संपतोय. आमच्यापातूर आला तर तीनच्या आधी येऊन तुमची चटई झाडीन.”

बायका हसल्या. मीही हसलो. पण ते वाक्य माझ्या अंगात राहून गेलं.

पुढच्या वर्षी दसऱ्यानंतर निवडणूक लागली. आमच्या वॉर्डातल्या दोन जागांपैकी बायकांची राखीव जागा बिनविरोध झाली. दुसऱ्या जागेसाठी देवळात कारभाऱ्यांचं नाव ठरलं. कारभारी म्हणजे वाडीचे पुढारी. दूध संकलन त्यांचं, दुधाची जीपही त्यांची. त्याच जीपमध्ये किटल्यांच्या मधे बसून मी रोज पहाटे मंचरला जायचो. एक पैसा घेत नसत. “आपल्या वाडीचं पोरगं शिकतंय,” एवढंच म्हणायचे. ते वाईट होते असं मला आजही म्हणता येत नाही.

आणि मेंढरंवाल्या बाबांनी अर्ज भरला. वाडीला हे आधी खरंच वाटेना. लोक त्यांच्याकडे गेले, कारभारी स्वतः गेले. बाबा एवढंच म्हणाले, “देवळात आमाला कोण बसू देतं बोलाया? आमी पायरीशी. तिथून आवाज पोचत न्हाई. म्हणून कागदावर लिवून दिलं.”

अर्ज माघारी घ्यायची मुदत संपली त्या दिवशी वाडी देवळात जमली. घराघरातून एकेक पुरुष उठला. आमच्या घरातून चुलते उठले. त्यांनी भंडाऱ्याची मूठ उचलली आणि म्हणाले, “आमच्या घराची चार मतं. चारी छत्रीला.” छत्री ही कारभाऱ्यांची निशाणी. बाबांची कपबशी. चार मतं म्हणजे चुलते, थोरली आई, वडील आणि मी. माझं ते पहिलंच मत होतं. मी देवळाच्या खांबाला टेकून उभा होतो. मला कुणी विचारलं नाही, आणि मलाही ते चुकीचं वाटलं नाही.

मतदान आमच्या प्राथमिक शाळेत होतं. ज्या खोलीत मी मुळाक्षरं गिरवली त्याच खोलीत खिडकीशी पुठ्ठ्याचा आडोसा केलेला. बाकावर कारभाऱ्यांचा माणूस यादी घेऊन बसला होता. मला बघून म्हणाला, “या कॉलेजकुमार, छत्री उघडा.” बोटाला शाई लागली. हातात कागद आला, फुलीचा शिक्का आला. आडोशाआड गेलो आणि प्रथमच मला जाणवलं की इथं मी एकटा आहे. चुलते नाहीत, देव नाही, कारभारी नाहीत. वर छत्री, खाली कपबशी. मला ओला पदर आठवला. मी शिक्का कपबशीवर मारला.

 कागदाची घडी घालताना शाई पलीकडे उमटली का, हे मी तीनदा उलगडून पाहिलं. पेटीत कागद पडल्याचा आवाज बाकावरच्या माणसाला ऐकू गेला असेल आणि त्यावरूनच त्याला कळलं असेल, असंही मला वाटलं.

मग मी स्वतःची समजूत घातली. मतदान गुप्त असतं. पुस्तकात लिहिलं आहे. शिवाय एका मतानं काय होणार?

मतमोजणी दुसऱ्या दिवशी घोडेगावला झाली. कारभारी मोठ्या फरकानं निवडून आले. गुलाल उडवत जीप वाडीत आली, पण कारभाऱ्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. ते जीपमधून उतरले नाहीत. तिथूनच म्हणाले, “पलीकडच्या तीन घरांची मतं किती?”

कुणीतरी म्हणालं, “नऊ.”

“कपबशीला दहा पडली.”

गुलाल उधळणारे हात थांबले. गुप्त मत हे मोठ्या ढिगात गुप्त असतं, आमच्या पेटीत तेवढा ढीगच नव्हता. हे पुस्तकात कुठं लिहिलेलं नव्हतं. कारभारी हळू आवाजात म्हणाले, “मी निवडून आलो, राव. पण देवाला दिलेला शब्द पडला. कुणाचं तरी पाप आता वाडीच्या नरड्याशी येणार.”

मी त्या रात्री जेवलो नाही. पोटात दुखतं असं सांगितलं. थोरल्या आईनं माझ्याकडे पाहिलं आणि ताट उचललं.

दोन आठवडे काहीच झालं नाही. मग उसाच्या कडेच्या गोठ्यातून कारभाऱ्यांची कालवड बिबट्यानं ओढून नेली. त्या वर्षांत आमच्या भागात ऊस वाढला होता, तसा बिबट्याही वाढला होता. जुन्नरकडून रोज अशी बातमी यायची. पण आमच्या वाडीत तो आजवर आला नव्हता. चार दिवसांनी देवळामागचं कुत्रं गेलं. फॉरेस्टवाले पिंजरा लावून, त्यात बोकड बांधून गेले. बोकड दिवसभर ओरडायचा. बायका पोरांना शाळेतून हाताला धरून आणायच्या. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच: ज्यानं भंडाऱ्याचा शब्द मोडला त्यानं समोर यावं, नाहीतर देव आता पोराला हात घालेल.

मी शिकलेला होतो. बिबट्या उसामुळे येतो हे मला माहीत होतं. तरी पहाटे जीपकडे जाताना उसाचं पान हललं की मला वाटायचं, हा माझ्यासाठी आलाय. आणि त्याहून मोठी भीती म्हणजे, माझ्यासाठी आलेला हा दुसऱ्याच कुणाचं लेकरू उचलून नेईल.

मार्गशीर्षात चंपाषष्ठी येते. आमच्याकडे तिला नुसती सट म्हणतात. वांग्याचं भरीत आणि रोडग्याचा नैवेद्य झाल्यावर सगळी वाडी देवळासमोर बसली होती. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. कारभारी उठले. “या वक्ताला घरटी मूठ न्हाई,” ते म्हणाले. “जेवढी मतं तेवढ्या मुठी. बायाबापड्या, पोरंठोरं, ज्याच्या बोटाला शाई लागली त्यानं सोता यायचं, भंडारा उचलायचा आन सांगायचं, म्या शब्द मोडला न्हाई.”

पुढे अनेक वर्षं मी याचा विचार केला. आमच्या वाडीनं प्रत्येकाला वेगळं माणूस म्हणून मोजलं, बायकांनासुद्धा, ते पहिल्यांदा त्या दिवशी. चोर शोधण्यासाठी. त्या वेळी मात्र असला कुठलाही विचार मनात नव्हता. आमच्या आधी किती घरं आहेत, एवढंच मी मोजत होतो.

एकेक घर उठू लागलं. पिवळी मूठ वर जायची, “म्या मोडला न्हाई,” मूठ खाली यायची. पाचवं घर आमचं. चुलते जाऊन आले. वडील जाऊन आले. मग कारभारी म्हणाले, “ये रं बाराखडी मास्तर.”

कुणीतरी मागून म्हणालं, “त्यो काय मोडतोय, त्यो तर जीपच्या किटल्यांला बी नमस्कार करून बसतो.” लोक हसले.

मी उठलो. खोटं बोललो तर देवासमोर खोटा, खरं बोललो तर उद्यापासून जीप नाही, कॉलेज नाही, आणि चुलत्यांचा शब्द सगळ्यांदेखत धुळीत. चार पावलं चाललो. काय बोलणार हे मला तोवर ठाऊक नव्हतं, आणि आज विचाराल तरी मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

“थांब,” बायकांच्या बाजूनं आवाज आला. थोरली आई उठली होती. “त्याला कशाला कष्ट देता? कपबशीला मत म्या दिलंय.”

आधी कुणाला समजलंच नाही. मग चुलते उभे राहिले आणि पुन्हा बसले. कारभाऱ्यांनी कपाळाला हात लावला. ते तिला वहिनी म्हणायचे. “वहिनी, चुकून झालं व्हय? शिक्का खाली सरकला आसंल. व्हतं आसं. तसं सांगा, नारळ फोडू, मिटवू.”

तिला वाट दिली होती. तिनं ती घेतली नाही.

“चुकून न्हाई,” ती म्हणाली. “चुकून म्हणलं तर उद्या समद्या बायांला म्हणाल, ह्यांला कळत न्हाई, ह्यांचे शिक्के आमीच मारतो. माझं मत व्हतं. म्या दिलं.”

“आन मालकानं दिलेला शब्द?”

“त्यांनी त्यांचा दिला. मला इचारला व्हता का?”

“भंडारा उचलून सांगा मग.”

ती पुढे आली. माझ्या शेजारून गेली तेव्हा तिचा पदर माझ्या हाताला लागला. तिनं मूठ भरली, देवाकडे बघितलं आणि म्हणाली, “कपबशीला मत म्या दिलं.” तिनं छत्रीलाच दिलं होतं हे मला माहीत होतं, कारण कपबशीची दहा मतं मला मोजता येत होती. मंगळवारी उपास करणारी, घराबाहेर पडताना देवळाच्या दिशेनं हात जोडणारी माझी थोरली आई देवाच्या तोंडावर खोटं बोलली.

आणि मी खाली बसलो.

वाडीनं तिला मारलं नाही की शिव्या दिल्या नाहीत. आमच्याकडे सावड असते. आज मी तुमच्या शेतात कांद्याची रोपं लावायला येते, उद्या तुम्ही माझ्या. त्या वर्षी आमच्या लागणीला कुणी आलं नाही. चुलते होळीपर्यंत तिच्याशी बोलले नाहीत. जेवायला वाढलं की ताट ओढायचे, पाणी हवं असलं तर मला सांगायचे. ती एकटी वाफ्यात वाकून रोपं खोचायची. तिसऱ्या दिवशी मेंढरंवाल्या बाबांची सून ओढा ओलांडून आली आणि दुसऱ्या वाफ्यात रोपं खोचायला बसली. रविवारी मी जायचो. साक्षरता वर्ग बंद पडला. थोरली आई येते तिथं बाकीच्या बायका येईनात. तोवर तिला साधे शब्द वाचता येत होते. जोडाक्षरं राहून गेली.

जीप मात्र चालू राहिली. कारभारी मला म्हणाले, “तुझा काय दोष न्हाई रं, पोरा.” किटल्यांच्या मधे बसून मी खाली मान घालून ऐकलं.

एकदा मी तिच्याशी बोलायचा प्रयत्न केला. वाफ्यातच. “थोरली आई, त्या दिवशी...”

“रोप उभं लाव,” ती म्हणाली. “आडवं लावलं तर कांदा वाकडा व्हतो.” थोड्या वेळानं, मान वर न करता म्हणाली, “तू आभ्यास कर. देव माझ्याशी बघून घेईल.”

मला सगळ्यात जास्त भीती त्या वाक्याची वाटत आली. ती उसाच्या कडेला गवत कापायला जायची. मंचरच्या वर्गात बसून मी घड्याळ बघायचो. एका संध्याकाळी ती भारा न आणताच परत आली. म्हणाली, “बांधावर बसला व्हता. माझ्याकडं लई वेळ बघितलं, आन उठून गेला.” आणि मग हसून: “म्हणला आसंल, पुन्यांदा येतो.” ती हसत होती, पण विळा तिच्या हातातून सुटत नव्हता, चुलत्यांनी बोटं उघडून काढून घेतला. होळीला अजून महिना होता. एवढं करूनही ते तिच्याशी बोलले नाहीत.

मी पदवीधर झालो. परीक्षा देऊन पुण्यात सरकारी कचेरीत लागलो. ओढ्यापलीकडे नळ कुठल्याशा योजनेतून काही वर्षांनी गेला. बिबट्या पुढे पकडला गेला, मग दुसरा आला. थोरल्या आईला ताप आल्याचा फोन आला की मी रजा टाकून धावायचो. प्रत्येक वेळी वाटायचं, आता देव बघून घेतोय.

मध्यंतरी निवडणुकीच्या कामावर माझी नेमणूक झाली. आता मशीन आलं होतं. मी बोटाला शाई लावत होतो. एक म्हातारी पुढे आली, बोट पुढे केलं, आणि इकडेतिकडे बघून मला हळूच म्हणाली, “साहेब, कुणाला कळणार तर न्हाई ना?”

मी म्हणालो, “नाही आजी. कुणालाही नाही.” नियमानं तेच उत्तर होतं. ती आत गेली.  मशीनवर बोटाची खूण राहत नाही, पण केंद्रा-केंद्राची बेरीज वेगळी लागते, आणि कुठल्या वाडीत नवाची दहा होतील हे कुणी सांगावं? तिच्यासाठी दुसरं कुणीतरी उठून उभं राहील का, हे मला तिला विचारावंसं वाटलं.

घरी आल्यावर मी कागद घेतला. पत्र दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायची वेळ तिच्यावर येऊ नये म्हणून एकही जोडाक्षर येऊ दिलं नाही. दोन कागद फाडले. तिसरा पोस्टात टाकला, तो असा:

थोरली आई,

तू कशी आहेस? मी बरा आहे.

हा कागद तू एकटीने वाच. कुणाला वाचायला देऊ नको. तुला अवघड जाईल असं काही लिहिलं नाही.

कपबशीला मत मी दिलं होतं. ते तुला आधीच ठाऊक होतं. मी ताट तसंच ठेवलं, तू उचललंस, तिथेच तुला कळलं.

मी उठलो होतो. चार पावलं आलो होतो. तू बोललीस आणि मी खाली बसलो. बसायला नको होतं.

देवाचा भंडारा हातात घेऊन तू खोटं बोललीस. ते मी बोलायला लावलं. देवाला रागवायचं असेल तर तो मला रागवेल. तू गवताला गेलीस की मला अजून बिबटा आठवतो. तुला ताप आला की मी घाबरतो.

सटीला मी येतो. सगळे देवळात जमले की मी भंडारा उचलून खरं सांगणार आहे. काकांना आधी तू सांग. ते रागावतील. रागावू देत.

आता मला जीप लागत नाही. तरी भीती वाटते. पण येतो. मला अडवू नको.

तू एक खरं बोलली होतीस. तुझं मत तुझं आहे. पुढची निवडणूक आली की तुला हवं तिथे दे. कुणाला दिलंस ते मलाही सांगू नको.

तुझा लेक